तात्पुरता दात

समजा, तुम्हाला एक दात करायचा आहे. एकच. वरचा, समोरचा, मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा. पुढ्यात कुणाच्या तरी जबड्याचा प्लास्टरचा साचा आहे, वाटीत पोर्सेलिनची पांढरी पूड, थोडं पाणी आणि एक बारीक ब्रश. कोपऱ्यात लहानशी भट्टी तापतेय. पूड कालवायची आणि ब्रशच्या टोकाने थरावर थर चढवत न्यायचे. आत जरा गडद, वर फिकट, कडेला जवळजवळ आरपार. दात हवा त्याहून मोठा करायचा, कारण भट्टीत तो आकसतो. किती मोठा, ते नजरेने ठरवायचं. बाहेर आल्यावर त्याने शेजारच्या खऱ्या दातांमध्ये असं जाऊन बसायचं, की जणू लहानपणापासून तो तिथेच होता.

जमलं? आता त्यात एक चूक करा.

इथे नवशिके गोंधळतात. पण माणसाच्या तोंडात बिनचूक दात नसतोच. बिनचूक केलेला दात लांबूनच ओरडून सांगतो की मी खोटा आहे. किंचित कललेला, कोपरा जरासा झिजलेला, मुळाशी चहाची पुसट छटा असलेला दात मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. बरोबर किती चुकायचं, हे ज्याला कळलं त्याला हे काम आलं. कवळीबाईंना ते चांगलंच कळलं होतं.

कवळीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दातांच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत त्या काम करायच्या. पुढे खुर्ची, दिवा, डॉक्टरीण आणि घाबरलेले पेशंट. मागे लांबलचक टेबल, भट्टी, सगळीकडे प्लास्टरची धूळ आणि कवळीबाई. सुरुवात कवळ्यांपासून झाली म्हणून हे नाव पडलं. पुढे त्या कॅप, ब्रिज, सुटे दात, सगळं करू लागल्या, तरी नाव तेच राहिलं.

एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हट्ट धरला, की मला प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे दात पाहिजेत. एका उंचीचे, पांढरेशुभ्र, सरळ रांगेत. कवळीबाईंनी समजावून पाहिलं, मग दिले करून. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा हजर.

"काय झालं सर?"

"बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, कोण पाहिजे आपल्याला?"

कवळीबाईंनी दोन दात तिरके केले, एकाचा कोपरा उडवला आणि म्हणाल्या, "आता जा. आता ओरडेल ती तुमच्यावर."

ही गोष्ट खरी आहे की नाही, सांगता येत नाही. कारण ती कवळीबाईंनीच सांगितलेली आहे. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यात कुणाचं वाईट करायचा हेतू नसायचा. कामाला दोन्ही हात लागतात, जीभ तेवढी मोकळी राहते, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या टेबलावर पॉलिशचं मशीन चालवणारे काका बसत. मशीन चालू असलं की काकांना काही ऐकू येत नसे. म्हणून चांगली थाप सुरू झाली की ते मशीन बंद करत. कवळीबाईंना यापेक्षा मोठी दाद नको असायची.

फक्त एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, खरी नाही आणि खोटीही नाही. जेमतेम विशीत असताना त्यांना एक मुलगी झाली होती, आणि ती त्यांनी एका संस्थेमार्फत दत्तक दिली होती.

त्या संस्थेतून एक दिवस फोन आला. मुलगी आता मोठी आहे, तिला तुम्हाला भेटायचं आहे, पण तुमची तयारी असेल तरच. पलीकडच्या बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत कवळीबाई हो म्हणून मोकळ्या झाल्या. एकच अट घातली, की भेट माझ्या कामाच्या जागी होऊ दे. घरी बसून हातांचं काय करायचं, ते त्यांना कळलं नसतं.

मुलगी आली ती जेवणाच्या सुट्टीत. उंच, केस मागे घट्ट बांधलेले, खांद्याला मोठी पिशवी, बुटांना ग्रीसचे डाग. विमा कंपनीसाठी ती ठोकलेल्या गाड्या तपासायची. धडक खरंच बसली का, आणि बसली असली तरी गॅरेजवाला सांगतोय तेवढी बसली का, हे शोधून काढणं तिचं काम. थोडक्यात, दिवसभर लोकांच्या थापा ऐकायच्या आणि त्यातलं किती खरं ते ठरवायचं. या आईला ही लेक.

दारातूनच तिने विचारलं, "तुम्हीच का?"

"मीच." कवळीबाई उठून जवळ आल्या. मुलीने हात पुढे करावा की वाकावं की काय, याचा विचार सुरू केला होता, तेवढ्यात कवळीबाईंची नजर तिच्या तोंडावर खिळली. "वरचा डावीकडचा दुसरा. खोटा आहे."

"काय?"

"रंग चुकलाय. पिवळा जास्त घेतला आणि कड जाड ठेवली. कुणाचं काम हे?"

मुलगी थक्क झाली. "जन्मल्यानंतर आपण पहिल्यांदा भेटतोय. आणि तुम्ही माझ्या दाताबद्दल बोलताय?"

"मग कशाबद्दल बोलू? पावसापाण्याबद्दल?" असं म्हणून कवळीबाईंनी स्वतःचा ओठ बोटाने वर उचलला. "हा बघ. तोच. मलाही मुळात आलाच नाही, हा मी केलेला आहे. माझ्या बापालाही नव्हता. आमच्यात तो दात येतच नाही."

मुलगी त्या दाताकडे बघत राहिली. घरून ती एक वाक्य पाठ करून आली होती, ते विसरली. लहानपणी शाळेत तिला फटवाली म्हणायचे, आणि आईबाबा दोघांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. ती स्टुलावर बसली. थोड्या वेळाने ते वाक्य आठवलं तेव्हा त्याचे दोनच शब्द उरले होते.

"का दिलंत?"

कवळीबाईंना हा प्रश्न येणार हे माहीत होतं. त्यांनी मनाशी सरळ गणित मांडलं. हिला एवढंच विचारायचं आहे. उत्तर दिलं की प्रश्न संपला, प्रश्न संपला की ही उठून जाणार, आणि गेली की परत यायला तिला कारण काय? शिवाय खरं उत्तर असं होतं, की ते ऐकल्यावर कुणीही परत आलं नसतं.

"तुझा बाप जहाजावर होता," त्या म्हणाल्या.

शेजारचं मशीन बंद झालं.

"कुठल्या जहाजावर?"

"मोठ्या."

"मालाच्या की प्रवाशांच्या?"

"दोन्ही असायचं तेव्हा. तू पोटात होतीस आणि वादळ आलं."

"कोणत्या महिन्यात?"

कवळीबाईंनी मनातल्या मनात महिने मोजले आणि एक सांगितला.

"त्या महिन्यात समुद्र शांत असतो," मुलगी म्हणाली. "बरं, बुडालंच असेल तर विमा निघाला असेल. कंपनी कोणती होती?"

कवळीबाईंना पहिल्यांदाच तोडीस तोड गिऱ्हाईक भेटलं होतं. त्यांनी विषय बदलला. "तो दात बदलायला पाहिजे. असा रंग तोंडात ठेवून फिरणं बरं नाही. मी करते. पैसे नको."

मुलीने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर डॉक्टरीणबाई आत डोकावल्या होत्या, आणि उघडलेलं तोंड ही त्यांच्यासाठी संमतीच होती. पुढच्या अर्ध्या तासात खोट्या दाताचा जुना ब्रिज निघाला, माप घेतलं गेलं आणि कवळीबाईंनी हातोहात प्लास्टिकचा एक तात्पुरता दात करून दिला. पक्का दात होईपर्यंत तो वापरायचा.

ती गेल्यावर काका म्हणाले, "जहाज आता जुनं झालंय तुमचं. पण पोरगी हुशार. विम्याचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. कोण आहे?"

"माझी मुलगी."

काका खुशीत हसले आणि मशीन सुरू करत म्हणाले, "ही थाप मात्र बरी होती."

आठवडा उलटायच्या आत मुलगी परत आली. तात्पुरता दात निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी दात चिकटवायच्या सिमेंटच्या डबीवरची तारीख पुन्हा पुन्हा तपासली. पक्क्या दाताचं विचारलं तर कवळीबाई म्हणाल्या, भट्टीत तडा गेला, पुन्हा करावा लागेल. मग मुलीला खिडकीपाशी उभं करून रंगाची पट्टी तिच्या ओठाशी धरली. किल्ल्यांच्या जुडग्यासारखी, एकेक नमुन्याचा दात लोंबणारी पट्टी. रंग बघायला दोन मिनिटं पुरतात. कवळीबाईंनी ढग सरकायची वाट बघितली.

"तुम्हाला हाक काय मारू?" ओठ न हलवता मुलीने विचारलं.

"आई म्हणू नकोस. ती आहे तुला. मावशी म्हण."

"मावशी म्हणजे आईची बहीण. आईला विचारावं लागेल, तिला चालेल का."

"मग सगळे म्हणतात तेच म्हण."

"बरं, कवळीबाई. जहाजाचं झालं. आता खरं सांगा."

या वेळी कवळीबाईंनी आपल्या बापाला पुढे केलं. बाप कसा जमदग्नी होता, हातात कमरेचा पट्टा घेऊन दारात कसा उभा राहिला, घराण्याचं नाव, भर पावसात बाहेर काढणं. आवाज मध्येच कापलाही. मुलीचा चेहरा हळूहळू बदलत होता. एवढ्यात काकांनी मशीन बंद केलं.

"कोण, छत्र्या दुरुस्त करणारे? तुमचे वडील? अहो, ते मांजरालासुद्धा 'जरा सरकता का' म्हणायचे. रोज तुमचा डबा घेऊन यायचे आणि इथे दाराबाहेर चपला काढून उभे राहायचे. मी म्हणायचो, आत या, तर म्हणायचे, नको, ती कामात आहे."

कवळीबाईंनी ब्रश धुतला. खरं तर तो धुतलेलाच होता.

"पट्टा लावायचे तरी का?" मुलीने काकांना विचारलं.

"नाडी. आयुष्यभर नाडीचा पायजमा."

मुलीला हसू आवरेना. पण ते जिन्यापर्यंतच टिकलं. ती गेली तेव्हा तिच्या तोंडात नवा तात्पुरता दात होता, आणि तोही फार दिवस टिकला नाही.

तिसऱ्या खेपेला कवळीबाई घसरल्या. मुलगी जरा थकून आली होती. तिने आल्या आल्या सांगितलं, की मला आज गंमत नको. कवळीबाईंना गंमतीशिवाय दुसरं काही बोलता येईना, म्हणून त्यांनी गंभीर थाप मारली. बाळंतपणात शुद्ध नव्हती. शुद्धीवर आले तेव्हा सांगितलं, की बाळ गेलं. मी रडले आणि घरी आले. पुढचं मला काही माहीत नाही.

मशीन चालूच होतं.

"संस्थेत तुमची संमती घेतली होती," ती म्हणाली. "गेलेल्या बाळाला दत्तक द्यायला कोण संमती देतं?"

कवळीबाईंनी टेबलावरची धूळ हाताने झटकली.

"जहाजाच्या थापेत बाप मेला. त्याला मी ओळखत नाही, मरू दे. या थापेत मी मेले." तिने पिशवी खांद्याला लावली. "तुमचं तुम्हाला तरी कळतं का, कोणाला मारताय ते?"

ती गेली. जाताना पुढच्या खेपेचं काही बोलली नाही. पण त्याआधीच डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात तिसरा तात्पुरता दात बसवला होता, आणि तो कवळीबाईंनीच केला होता.

तो पडला एका गॅरेजमध्ये. मुलगी गॅरेजच्या मालकाशी वाद घालत होती. गाडीला मागून धडक बसली होती आणि बिलात पुढचा दरवाजा, दिवा आणि आरसासुद्धा लावला होता. "हा दरवाजा या धडकेत वाकलेला नाही," असं तिने ठासून सांगितलं, आणि 'धडकेत' म्हणताना दात उडाला, बॉनेटवर टण्णकन आपटला आणि घरंगळत वायपरपाशी जाऊन थांबला.

दुसरा कुणी हसला असता. गॅरेजवाल्याने तो फडक्याने उचलला, उजेडात धरला आणि एका कारागिराने दुसऱ्याचं काम बघावं तसा बघितला. "मॅडम, याच्यात खेळ जास्त आहे. हे बघा, आतून घासलाय. कुणीतरी फिटिंग मुद्दाम ढिलं ठेवलंय."

"मुद्दाम कशाला कोण ठेवेल?"

"गिऱ्हाईक परत यावं म्हणून. आम्हीसुद्धा कधी कधी एखादा नट..." इथे त्याचं त्यालाच कळलं, की आपण हे कुणाला सांगतोय. त्याने तोंड मिटलं. बिलातून दरवाजा, दिवा आणि आरसा त्याने स्वतःच्या हाताने खोडला.

मुलगी तिथून निघाली ती तडक दवाखान्यात. दुपार होती, पेशंट नव्हता. तिने तो प्लास्टिकचा दात कवळीबाईंच्या दिव्याखाली ठेवला.

"आतून घासलाय."

"कधी कधी उष्णतेने..."

"प्लास्टिकचा आहे तो. भट्टीत जात नाही. तुम्हीच सांगितलंत."

"तुला यातलं काय कळतं?"

"दातातलं काहीच नाही. ढिल्या नटातलं सगळं कळतं." ती बोलत होती आणि समोरच्या फटीतून तिचा 'स' सुटत होता, त्यामुळे तिला आणखी राग येत होता. "पक्का दात झालाय ना?"

कवळीबाईंनी खण उघडला. कापसावर दात होता. डाव्या कडेला जरासा झिजवलेला, एका बाजूला किंचित कललेला, मुळाशी पुसटशी छटा. दुसऱ्या खेपेपासून तो तिथे तयार होता.

काकांनी मशीन बंद केलं, दोघींकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकायला न थांबता चहा प्यायला निघून गेले.

"मी तुम्हाला एक सांगते," मुलगी म्हणाली. "आईबाबांच्या घरी मी एकही कप फोडलेला नाही. लहानपणापासून. कधी मोठ्याने बोलले नाही, कधी नापास झाले नाही, कधी जेवताना नको म्हटलं नाही. लोक आईला म्हणायचे, किती गुणी पोर. गुणी कसली, घाबरट. मला वाटायचं, एकीने दिलंच आहे, ही पण देईल. शाळेच्या सहलीची पिशवी मी कधी रिकामीच केली नाही. पलंगाखाली भरून ठेवलेली असायची. आईला ती सापडली तेव्हा ती इतकी रडली, की पुढे मी पिशवी लपवायची जागा बदलली."

कवळीबाईंचे दोन्ही हात टेबलावर नुसते पडून होते. असे ते कधी पडून नसायचे.

"म्हणून मला कळायला पाहिजे," ती म्हणाली. "मी असं काय केलं होतं? एक खरं वाक्य सांगा. नाही सांगितलं तर हा दात मी दुसरीकडे बसवून घेते, आणि मग तुम्ही कितीही नट ढिले ठेवा, मी येणार नाही."

"तू काय करणार? तू आठ पौंडाची होतीस."

"मग कुणी केलं?"

"कुणीच नाही." कवळीबाई थांबल्या. थाप असती तर पुढचं वाक्य तयार असतं. इथे एकेक शब्द शोधावा लागत होता. "तेच तर आहे. कुणीच काही केलं नाही. तुझा बाप कापडाच्या दुकानात होता. साधा मुलगा. लग्न करू म्हणाला. मीच नको म्हटलं. माझी आई म्हणाली, बाळ मी वाढवते, तू फक्त जवळ राहा. बाबा तर... बाबांनी तुझ्यासाठी छत्रीच्या कापडाची झोळी शिवली होती. घरात सगळे तयार होते. मी एकटी तयार नव्हते."

"का?"

"मला हे शिकायचं होतं." त्यांनी टेबलाकडे, भट्टीकडे हात केला. "दुसऱ्या गावात याचं शिक्षण मिळायचं. माझा नंबर लागला होता. तू झालीस त्याच महिन्यात सुरू होणार होतं. मला कळत होतं, की तुला एकदा मांडीवर घेऊन बसले, तर मी उठणार नाही. आणि मला उठायचं होतं. घरी ठेवून गेले असते, तरी रोज मन घरात राहिलं असतं. मला मनसुद्धा इथेच पाहिजे होतं, सगळं. म्हणून दिलं. रडले वगैरे, पण ते नंतर. देताना रडले नाही. देताना मी घाईत होते."

मुलीने स्टूल ओढून घेतलं.

"मी शिकून परत आले, तरी बाबा वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे, डबा ठेवायचे आणि जायचे. आणि मी त्यांच्या हातात पट्टा दिला." कवळीबाईंनी डोळे टेबलावरून उचलले नाहीत. "जहाज, वादळ, पट्टा, हे सगळं मी तुझ्यासाठी रचलं नाही. ते माझ्याकडे आधीपासून होतं. रात्री झोप यावी म्हणून केलेलं. कारण दुसऱ्या कुणी तरी केलंय असं असलं, की बरं वाटतं. खरं कारण दात आहे. मला दात करायला शिकायचे होते."

आणि तेव्हा मुलगी हसली.

लहानसं नाही. आधी नाकातून एक आवाज आला, मग खांदे हलायला लागले, मग ती डोकं मागे टाकून हसत सुटली. समोरची फट सताड उघडी. "दात," ती म्हणाली, "दातांसाठी," आणि पुन्हा सुरू झाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते हसण्याचं की कशाचं, काही सांगता येईना. "आणि तुझ्या पोरीलाच एक दात कमी," असं म्हणताना ती 'तुमच्या'वरून 'तुझ्या'वर आली, हे तिच्या लक्षात आलं नाही. कवळीबाईंच्या आलं. डॉक्टरीणबाई दार किलकिलं करून बघून गेल्या आणि दार पुन्हा लावून घेतलं.

हसणं थांबल्यावर तिने रुमालाने तोंड पुसलं आणि विचारलं, "बसवणार का आता तो?"

दात बसवला. निळा कागद चाववून बघितला, एका ठिकाणी किंचित उंच लागत होता तो घासला, आणि या वेळी आतून कुठेही हात लावला नाही. मुलीने आरशात पाहिलं. शेजारच्या दातांमधून तो शोधायला तिला जरा वेळ लागला.

"ढिला नाही ना?"

"आता पडायचा नाही," कवळीबाई म्हणाल्या, आणि हे वाक्य बोलायला त्यांना सगळ्यात जड गेलं.

ती येते म्हणाली नाही आणि येत नाही असंही म्हणाली नाही. पुढे बरेच दिवस कवळीबाई दार वाजलं की मान वर करायच्या. थापा बंद झाल्या होत्या. काकांनी दोनदा उगाचच मशीन बंद करून पाहिलं, पण काही सुरू झालं नाही. शेवटी त्यांनीच एक थाप मारून बघितली. वाईट होती. कवळीबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, यावरून त्यांची अवस्था समजावी.

मग एका दुपारी मुलगी दारात उभी राहिली. हातात ओल्या कापसात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आईच्या दाढेची कॅप पडलीय. मी तिला सगळं सांगितलं. दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, तिला विचार, माझी कॅप करेल का. आणि म्हणाली, ढिली ठेवू नको म्हणावं."

कवळीबाईंनी कॅप हातात घेतली, उजेडात फिरवली आणि नाक मुरडलं. "कुणाचं काम हे?"

त्यानंतर मुलगी येत राहिली. कधी कॅपचं निमित्त, कधी जवळच्या गॅरेजमध्ये काम होतं म्हणून. थापा परत सुरू झाल्या आहेत. जहाज मात्र कायमचं बुडालं, आणि बापाच्या हातात आता पट्टा नसतो, डबा असतो. ती मुलगी खरंच कवळीबाईंची आहे, हे काकांनाही हळूहळू पटत चाललंय.

कवळीबाईंची मात्र झोप उडाली आहे. त्यांना त्या हसण्याचं कोडं सुटत नाही. कारण एवढंसंच निघालं म्हणून हसली का? की आपली काही चूक नव्हती, हे कळून सुटल्यासारखं झालं म्हणून? की ते हसणं नव्हतंच, दुसरंच काही होतं, आणि तोंडातून तसं बाहेर पडलं? त्यांनी एकदा सरळ विचारलं. मुलगी म्हणाली, गॅरेजवाल्याचा चेहरा आठवला. पुढच्या खेपेला विचारलं, तर म्हणाली, पॉलिशची धूळ नाकात गेली होती. नंतर म्हणाली, मी हसले होते? मला तर आठवत नाही.

थापा कुठल्या, ते कवळीबाईंना लगेच कळतं. उभं आयुष्य त्यात गेलं आहे. आणि जिने कधी कप फोडला नाही, ती आता डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलते, याचं त्यांना मनातून कौतुकही वाटतं. पण खिडकीपाशी उभं करून रंगाची पट्टी धरायचं काही कारण नसताना त्या ती अजून तिच्या ओठाशी धरतात, ढग सरकायची वाट बघतात आणि हळूच विचारतात,

"आता तरी सांग. तेव्हा तू का हसलीस?"